पट्टी आपण बांधतो, जखम आतून भरते

अभ्यासपाठ
वाचन : लूक १०:२५–३७, यिर्मया ८:११, स्तोत्र १४७:३



तुमच्यापैकी अनेक जण आमच्या कामासाठी मलमाच्या ट्यूब, कापूस आणि पट्ट्या पाठवता. बोईसरच्या आमच्या खोलीतले कपाट त्यांनी भरलेले असते. त्याबद्दल तुमचे आभार मानूनच मी हा पाठ सुरू करते. पण आज एक कबुलीही द्यायची आहे. एका वृद्ध वारली बाबांच्या तळपायाच्या जखमेवर मी आठ महिने त्या ट्यूब वापरल्या आणि जखम भरली नाही. मलमात दोष नव्हता. जखम कशी भरते हे मलाच नीट ठाऊक नव्हते. त्या बाबांमुळे मी ते शिकले आणि त्यानंतर लूकचा दहावा अध्याय मला वेगळा दिसू लागला. तेच तुमच्यापुढे ठेवते.

१. आठ महिन्यांची जखम

बाबांचा पाडा हायवेच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला आहे. त्यांना पूर्वी कुष्ठरोग झाला होता. सरकारी दवाखान्यातून बहुविध औषधोपचाराचा पूर्ण कोर्स घेऊन ते बरे झाले होते. पण औषध सुरू होण्यापूर्वीच पायाच्या नसा निकामी झाल्यामुळे तळपाय बधिर राहिला. दिवाळीच्या सुमारास शेतात कसलेसे खुंट पायात घुसले आणि त्यांना कळलेही नाही. दोन दिवसांनी सुनेला ओट्यावर रक्ताचे डाग दिसले, तेव्हा जखम सापडली.

दर मंगळवारी ते आमच्याकडे ड्रेसिंगला येत. मी जखम धुवायची, मलम लावायचे, पट्टी बांधायची आणि त्यांच्यासोबत प्रार्थना करायची. एका मलमाने गुण येईना म्हणून दुसरे, मग तिसरे आणले. होळी झाली, पाऊस सुरू झाला, तरी जखम रुपयाएवढीच राहिली. "बाय, तुझ्या हाताला गुण हाय, येईल बरं," असा धीर तेच मला देत.

आषाढात एक कुष्ठरोग तंत्रज्ञ आमची खोली पाहायला आले. त्यांनी जखम पाहिली, कपाटाकडे पाहिले आणि विचारले, "बाबा इथे येतात कसे?"

मी म्हणाले, "चालत."

"किती वेळ लागतो?"

बाबांनीच उत्तर दिले, "दीड तास. पाय तर दुखतच नाय, मग चालायला काय झालं?"

दर मंगळवारी दीड तास यायला आणि दीड तास जायला. जखमेवर कोवळे मांस धरू लागले की पुढच्या मंगळवारच्या चालण्यात ते चिरडले जाई, आणि मी त्यावर नवी पट्टी बांधून त्यांना पुन्हा चालत घरी पाठवी. आठ महिने मी ती जखम माझ्याच नियमाने उघडी ठेवली होती. खोलीच्या दारावर 'मलमपट्टी दर मंगळवारी येथे मिळेल' असा फलक होता. तो मीच लिहिला होता.

२. शरीर काय करते?

त्यानंतर मी जखमेविषयी जे वाचले आणि विचारून घेतले, ते सोप्या शब्दांत सांगते. जखम भरण्याचे काम शरीर चार टप्प्यांत करते. हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात.

*रक्त थांबणे.* कापल्याबरोबर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म कणिका त्या जागी चिकटून बूच तयार करतात. मग फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे त्यावर विणले जाते आणि रक्त गोठते. लहान जखमेत हे काही मिनिटांत होते. आपण फक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचे. सारखे उचलून पाहिले तर ते बूच निघते.

*सफाई.* पुढचे काही दिवस जखमेभोवती लाली, ऊब आणि थोडी सूज असते. पुष्कळ जण याला घाबरतात, पण ही शरीराची सफाई असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात, जंतूंना खातात आणि मेलेले मांस, घाण साफ करतात. लाली रोज पसरत गेली, पू व दुर्गंधी आली, ताप भरला, तर मात्र शरीर एकटे पुरे पडत नाही असे समजावे आणि दवाखान्यात जावे.

*बांधकाम.* साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसू लागते. आपल्याकडे म्हणतात ना, जखमेला मांस धरले. त्यात नव्या केसासारख्या रक्तवाहिन्या असतात आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. कडेची कातडी आत सरकते, जखम आकसते. खोल जखम अशी तळापासून वर भरत यावी लागते. वरचे तोंड आधी मिटले आणि आत पू राहिला, तर ती पुन्हा फुटते.

*मजबुती.* हा टप्पा आपण जवळजवळ सगळेच विसरतो. कातडी मिटली म्हणजे जखम बरी झाली असे आपल्याला वाटते. पण तीन आठवड्यांनी त्या वणाची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम २० टक्के असते. तीन महिन्यांनी ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि पूर्वीइतकी कधीच होत नाही. आतल्या धाग्यांची फेरमांडणी वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालू राहते. टाके काढल्याच्या दुसऱ्या दिवशी वीटभट्टीवर परतणाऱ्या बाईची जखम का उसवते, याचे उत्तर इथे आहे.

या चारही टप्प्यांत मलम कुठेच आले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. जंतू फार वाढले तर औषध लागते, खोल जखमेला टाके लागतात. पण मांस भरण्याचे काम कोणतीही ट्यूब करत नाही.

आँब्रॉझ पारे नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याला हे सोळाव्या शतकात उमगले. त्या काळी बंदुकीच्या जखमेत विष असते असे मानत आणि तीत उकळते तेल ओतत. १५३७ च्या सुमारास तूरिनच्या मोहिमेत त्याच्याजवळचे तेल संपले. नाइलाजाने त्याने उरलेल्या सैनिकांना अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे साधे मिश्रण लावले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर साधे मिश्रण लावलेले सैनिक शांत होते, आणि उकळत्या तेलाचे सैनिक ताप व सुजेने तळमळत होते. पुढे तो म्हणत असे की मी फक्त पट्टी बांधतो, बरे करणारा देव आहे. माझ्या मते हे त्याचे नुसते नम्रतेचे बोलणे नव्हते. त्याने ते डोळ्यांनी पाहिले होते.

३. शरीराला काय हवे?

मग आपले काम काय? शरीराच्या वाटेतले अडथळे काढणे आणि त्याला लागेल ते पुरवणे.

*स्वच्छ पाणी.* ताजी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने चांगली धुवावी. पाड्यांवर जखमेत माती, राख, शेण, तंबाखू किंवा चुना भरलेला आम्हाला आजही दिसतो. माती आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून अशा जखमेनंतर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारावेच. डब्यातली हळदही निर्जंतुक नसते. खोल जखमेत ती भरू नये. आपण शिकलेले लोकही चुकतो. झोंबले म्हणजे औषध लागू पडले असे समजून उघड्या जखमेवर स्पिरिट ओततो. त्याने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे : अंगावर रसायन उडाले तर कपडे काढून लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ उभे राहावे, आणि मग दवाखाना गाठावा.

*ओलसर झाकण.* "जखम उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे," हे आपण लहानपणापासून ऐकले. १९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांवरील प्रयोगात दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या वरवरच्या जखमेवर कातडी सुमारे दुप्पट वेगाने येते. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते, ओलाव्यावरून त्या सहज सरकतात.

झाकण महागच हवे असे नाही, हे आपल्या मुंबईतल्या डॉक्टरांनी दाखवले. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पानाचा गुळगुळीत पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना रुग्ण किंचाळत नाही, आणि खर्च अगदी थोडा. मात्र ते पान रुग्णालयात निर्जंतुक केलेले असते. वसईच्या वाडीतून तोडून थेट जखमेवर ठेवू नये.

*अन्न.* कोलॅजन हे प्रथिन आहे आणि ते नीट बनायला क जीवनसत्त्व लागते. जॉन क्रॅन्डन या तरुण अमेरिकन शल्यवैद्याने हे स्वतःवरच पडताळले. त्याने अनेक महिने क जीवनसत्त्व नसलेले अन्न खाल्ले. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली मात्र भरेना. क जीवनसत्त्व दिल्यावर ती भरली. १९४० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. आपल्या भागात यासाठी आवळा, पेरू, लिंबू आहे, पावसाळ्यात रानभाज्या आहेत. प्रथिनांसाठी डाळ, अंडी, सुकट आहे. पण ज्या घरात पावसाळ्यात भात आणि मीठ एवढेच उरते, तिथे जखमेची गोष्ट भाताच्या टोपापासून सुरू होते. मशेरी आणि तंबाखूबद्दलही बोलायला हवे. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत रक्त कमी पोचते.

*विश्रांती.* हेच मी बाबांना दिले नव्हते.

४. वेदना नसलेला पाय

तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. तेव्हा कुष्ठरोग्यांचे मांसच खराब असते, त्यांच्या जखमा भरत नाहीत, बोटे आपोआप झडतात, असे डॉक्टरही मानत. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले. कोणी बधिर हाताने तापलेले भांडे उचलत होता, कोणी खिळा घुसलेल्या पायाने दिवसभर चालत होता. त्यांचे मांस तुमच्याआमच्यासारखेच भरत होते, फक्त त्याला थांबवणारी वेदना नव्हती. अशा पायाला प्लास्टर घालून भार काढला, की वर्षानुवर्षांच्या जखमा काही आठवड्यांत भरत.

महाराष्ट्रात डॉ. नोशिर अंत्या यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा हातापायांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी अलिबाग तालुक्यातल्या मांडवा भागात कमी शिकलेल्या गावच्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्या बायका ते उत्तम करू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. हे वाचल्यावर मला बाबांची सून आठवली.

आम्ही मंगळवारचा नियम बदलला. बाबांनी यायचे नाही, आम्ही जायचे. सुनेला ड्रेसिंग शिकवले. दुसऱ्याच आठवड्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. बाबांना कुबडी दिली. पण ते बसेनात. बकऱ्या कोण चारणार? खायचे काय? शेजारच्या मुलाने बकऱ्या नेल्या. मंडळीतल्या दोन कुटुंबांनी तांदूळ, डाळ आणि अंडी दिली. तेव्हा कुठे ते ओट्यावर बसले.

अकरा आठवड्यांत जखम भरली. मलम तेच होते.

आणि मी पुन्हा चुकले. जखम मिटली म्हणून आम्ही जाणे थांबवले. भातकापणीला बाबा अनवाणी शेतात उतरले आणि कोवळा वण कडेला फाटला. चौथा टप्पा मी वाचला होता, पाळला नव्हता. या वेळी लवकर लक्षात आले आणि तीन आठवड्यांत ते भरून निघाले. आता त्यांच्या पायात मऊ तळव्याची एमसीआर चप्पल आहे. रोज संध्याकाळी ते अर्धा तास पाय साध्या पाण्यात भिजवतात, घट्टे दगडाने हलके घासतात, खोबरेल लावतात आणि नातवाला तळवा दाखवतात. जे पाय सांगत नाही, ते नातू सांगतो.

काही वाचकांच्या मनात भीती असेल, म्हणून स्पष्ट लिहिते : तळपायाच्या अशा जखमेतून कुष्ठरोग पसरत नाही. ती बधिरपणाची जखम असते. आपल्या पालघर जिल्ह्यात आजही नवे रुग्ण सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. औषध मोफत आहे, आणि वेळेवर घेतले तर नसा वाचतात.

५. शोमरोनी माणसाने काय केले?

आता लूकचा दहावा अध्याय उघडा. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा करताना मी या दाखल्यावर परीक्षेत पानभर लिहिले होते : शेजारी कोण, याजक का गेला, लेवी का गेला. ३४ व्या वचनातल्या जखमांसाठी असलेला मूळ ग्रीक शब्द 'ट्रॉमा' आहे, हेही लिहिले होते. नव्या करारात तो शब्द इथे एकदाच येतो. पण त्या माणसाने नेमके काय केले, याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

तो जवळ गेला. जखमी माणसाला त्याने आपल्याकडे बोलावले नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, ही त्या काळची धुण्याची व मऊ ठेवण्याची रीत. मग पट्ट्या बांधल्या. मग त्याला *आपल्या जनावरावर* बसवले, म्हणजे जखमी माणूस चालला नाही, शोमरोनी चालला. उतारशाळेत नेऊन रात्रभर त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी आहे. म्हणजे त्याने दोन दिवसांची मजुरी मोजून त्या माणसाच्या अंथरुणाची आणि अन्नाची सोय केली. आणि परत येईन, जास्त खर्च झाला तर देईन, असे सांगून गेला.

तेल आणि द्राक्षारस एका वाक्यात संपतात. बाकीचे सगळे वाहून नेणे, निजवणे, खर्च करणे आणि परत येणे आहे. मी आठ महिने फक्त ते पहिले वाक्य पाळत होते.

यिर्मयाच्या आठव्या अध्यायात देव अशा लोकांवर रागावतो, जे त्याच्या लोकांची जखम वरवर बरी करतात आणि सारे ठीक आहे असे सांगतात. हे वचन मी नेहमी खोट्या संदेष्ट्यांविषयी शिकवत आले. आता ते वाचताना मला माझा मंगळवारचा फलक आठवतो. स्तोत्र १४७ म्हणते की भग्न हृदयांना बरे करणारा आणि त्यांच्या जखमा बांधणारा देवच आहे. ते काम तो करतो आहे, आपल्या कातडीखालीही. आपण त्याच्या वाटेत उभे राहू नये.

तुमच्यासाठी

तुम्ही पाठवलेल्या पट्ट्या आम्ही रोज वापरतो, त्या पाठवत राहा. पण येत्या तिमाहीत मलमाऐवजी आणखी एक गोष्ट मागते : ज्या घरातल्या कमावत्या माणसाला जखमेमुळे सहा आठवडे बसावे लागणार आहे, त्या घरासाठी सहा आठवड्यांचे तांदूळ, डाळ आणि अंडी. त्या माणसाची विश्रांती आपल्याला दुकानातून आणता येत नाही, पण तिचा खर्च आपण उचलू शकतो.

*चर्चेसाठी प्रश्न*

१. आपल्या मंडळीची मदत मिळवण्यासाठी गरजूंना किती चालावे लागते? आपला 'मंगळवारचा फलक' कोणता?
२. शोमरोनी माणसाच्या कृतींपैकी कोणती आपण सहज करतो आणि कोणती टाळतो?
३. आजारपण, कर्ज किंवा शोक यांतून नुकतेच सावरलेल्या कोणाला आपण 'आता बरे झाले' म्हणून लवकर सोडून दिले आहे का?
४. आपल्या घरात जखमेवर काय लावले जाते? त्यातले काय आजपासून थांबवाल?

*प्रार्थनेसाठी विषय*

पाड्यांवर जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या आणि ते शिकणाऱ्या बायकांसाठी. वीटभट्टीवर आणि कारखान्यात काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी. चट्टा लपवून ठेवणाऱ्यांची भीती जावी म्हणून. आणि आमच्या बाबांसाठी, की यंदाच्या लावणीला ते चप्पल घालूनच बांधावर बसतील आणि चिखलात उतरणार नाहीत. तसे त्यांनी मला वचन दिले आहे, पण सून म्हणते, "ताई, तुम्ही या बघायला."

मी जाणार आहे.